बिनलेबलाच्या गोळ्या

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लावला होता. 'मायाळू, शांत, सोशिक गंगव्वा अक्का यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली घरातल्या सगळ्यांचे हात जोडलेले फोटो, त्यात माझाही. मी रस्त्यात उभी राहून तो वाचला आणि डोक्यात तिडीक गेली. मायाळू एक वेळ ठीक. पण शांत? सोशिक? हा मजकूर देणाऱ्यानं अक्काला कधी बोलताना ऐकलं नसावं असं कुणालाही वाटेल. मजकूर माझ्या वडिलांनी दिला होता, आणि त्यांना वाढवलं अक्कानंच.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वडील अक्का म्हणत म्हणून आम्हीही म्हणत आलो. अठ्ठ्याहत्तर वर्षं जगली. त्यातली तेरा वर्षं नर्स होती, पुढं पस्तीस वर्षं नर्सिंगच्या पोरींना शिकवत होती आणि जन्मभर आमची होती. या शेवटच्या कामाची आम्ही तिला काय भरपाई केली ते मी सांगणार आहे. सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे.

आजोबा बाळाप्पा जयसिंगपुरात तंबाखूच्या वखारीत कामाला होते. अक्का मॅट्रिक झाली त्याच वर्षी ते गेले. घरात आजी, अकरा वर्षांचे माझे वडील प्रभुलिंग आणि सात वर्षांचे शशिधरकाका. नातेवाइकांनी लगेच अक्कासाठी एक बिजवर शोधून आणला. अक्कानं त्याच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली आणि उभ्याउभ्या विचारलं, "माझ्या दोन भावांना सांभाळणार काय?"

तो म्हणाला, "बघू."

"बघून झालं की कळवा," म्हणाली, आणि कोल्हापूरला जाऊन नर्सिंगला नाव घालून आली. शिकताना राहायला खोली मिळत होती आणि वर हातात थोडं विद्यावेतन पडत होतं, एवढंच तिनं बघितलं होतं.

भाऊबंदांनी तोंडसुख घेतलं. गळ्यात लिंग असलेली लिंगायताची पोरगी परक्या बाप्यांची घाण उपसते म्हणून आजीला येऊन येऊन रडवलं. अक्का दर रविवारी घरी यायची, दोन्ही भावांची डोकी खसाखसा धुवायची, पाढे म्हणून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. तिला नावं ठेवणाऱ्यांच्याच घरात कुणी तापानं फणफणलं की तिलाच सांगावा यायचा. ती जायची. सुई उकळत ठेवायची आणि खड्या आवाजात विचारायची, "परक्याची घाण उपसलेला हात हाय, चालंल न्हवं?"

पहिली नेमणूक कोल्हापूरच्या पश्चिमेला मलकापूरला झाली. तिकडचा पाऊस माणसाला आठ-आठ दिवस कोरडं होऊ देत नाही. तिथं तिला बाळाबाई भेटली. बाळाबाई सुईण, शाळेची पायरी न चढलेली, अक्काहून पाच वर्षांनी मोठी. अक्का तिला साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला शिकवायची, आणि आडवं आलेलं मूल पोटावरून कसं चाचपायचं ते बाळाबाई अक्काला शिकवायची. एका पावसाळ्यात अक्काला विषमज्वर झाला. बाळाबाईनं तिला आपल्या घरी नेऊन पंचवीस दिवस तिचं सगळं केलं. आमच्यातलं कोणी तिकडं फिरकलं नाही. नदीला पूर होता म्हणे. पूर पंचवीस दिवस टिकत नाही, पण आमच्या घरात हे कारण अजून सांगतात.

पुढं ती कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात आली आणि मग नर्सिंग शाळेत शिकवायला लागली. दोन्ही भावांची शिक्षणं, लग्नं, त्यांची पोरंबाळं, सगळ्यांची दुखणी तिनं निभावली. मला गोवर आला तेव्हा ती सात दिवस रजा काढून बसली होती. स्वतःसाठी ती वर्षातून एकच गोष्ट करायची. पावसाळा सरला की आठ दिवस मलकापूरला बाळाबाईकडं जायची. तिथून येताना चेहरा असा असायचा की आईला चक्क हेवा वाटायचा.

तिच्या शिकवण्याला पोरी चळचळा कापायच्या. तिचा एक नेम होता. औषध उचलताना लेबल वाचायचं, ओतताना वाचायचं आणि जागेवर ठेवताना परत वाचायचं. नुसतं डोळ्यांनी नाही, तोंडानं, समोरच्या पेशंटला ऐकू जाईल असं. ज्या बाटलीवर लेबल नाही ती बाटली मोरीत ओतायची, मग आत अमृत का असेना. "त्याच्या पोटात जाणार हाय, तुझ्या न्हाई," ती पोरींना सांगायची. "त्याला कळलंच पायजे." एकदा एका डॉक्टरनं भरलेली सुई तिच्या हातात दिली आणि पेशंटला टोचायला सांगितलं. तिनं आत काय आहे ते विचारलं. तो म्हणाला, "मी सांगतोय ना सिस्टर." अक्कानं ती सुई त्याच्यादेखत बादलीत रिकामी केली. लेखी जाब विचारला गेला, पगारवाढ अडली, पण तिनं माफीचं पत्र काही दिलं नाही.

हा नेम आम्हाला ठाऊक होता. घरातल्या लहान पोरालाही खोकल्याचं औषध घेण्याआधी बाटलीवरचं नाव वाचून दाखवायला लागायचं. हे लक्षात ठेवा, कारण आम्ही विसरलो.

आता आजीची गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या सगळ्या शहाणपणाचं मूळ तिथं आहे. आजीला गर्भाशयाचा कर्करोग झाला तेव्हा मी लहान होते. वडिलांचं म्हणणं, तिला सांगायचं नाही. अक्कानं त्याच संध्याकाळी आजीच्या खाटेवर बसून तिला सगळं सांगितलं, किती दिवस उरलेत तेही. आजी एक दिवस जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला संकेश्वरला ने. तिथं तिची धाकटी बहीण होती, बारा वर्षं बोलणं बंद. आजी तिच्या हातचं जेवून, तिच्या गळ्यात पडून, भांडून, परत रडून आली आणि दोन महिन्यांनी गेली. मला वाटतं, बरी गेली. वडिलांनी मात्र मनात धरलं. अक्कानं सांगितलं म्हणून अव्वा, म्हणजे त्यांची आई, खचली, नाहीतर अजून वर्षभर जगली असती, हे ते पस्तीस वर्षं बोलत आले. तिच्यासमोर नाही, तेवढी हिंमत नव्हती.

गेल्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी अक्काच्या पोटाचा स्कॅन झाला. डोळे पिवळे झाले होते, पाठीतून कळा येत होत्या. डॉक्टर तिशीतला होता. त्यानं अक्काला बाहेर बाकावर बसवलं आणि वडिलांना आत बोलावलं. अठ्ठेचाळीस वर्षं दवाखान्यात घालवलेली बाई बाहेर, आणि विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला भाऊ आत! मी सोबत होते. स्वादुपिंडाचा कर्करोग, पसरलेला, ऑपरेशन शक्य नाही, फार तर चार महिने. "पेशंटला सांगायचं की नाही ते तुम्ही घरचे ठरवा," तो म्हणाला. जणू पेशंट घरातलं फर्निचर आहे.

वडील जिन्यातच थांबले. डोळे भरले होते. म्हणाले, "अव्वाच्या वेळी हिनं माझं ऐकलं न्हाई. आता मी ऐकणार न्हाई. पित्ताचा खडा हाय म्हणून सांगायचं." शशिधरकाकांनी पुण्याहून फोनवर होकार दिला. मीही मान डोलावली. मी जयसिंगपूरला हायस्कूलवर शिकवते, पोरांना खरं बोलायला सांगायचा पगार घेते, आणि मी मान डोलावली.

रिपोर्ट लपवला. पण औषधांचं काय? कळांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि ते नाव वाचलं की अक्काला सगळं एका क्षणात कळलं असतं. मग मीच युक्ती काढली. गोळ्या पाकिटातून काढून एका स्टीलच्या डबीत भरल्या. फार हुशारी केली असं वाटलं तेव्हा.

अक्कानं डबी उघडली, एक गोळी तळहातावर घेतली. "हे काय हाय?"

"पित्ताची गोळी."

"पाकीट कुठंय?"

"टाकलं, अक्का."

"मग गोळी बी टाक."

आणि तिनं घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवड्यानंतरही नाही. वडिलांनी हातापाया पडून बघितलं. काकांनी फोनवरून रागावून बघितलं. ती म्हणायची, पाकीट दाखवा, घेते. आम्ही आपसात म्हणायचो, वयानं हट्टी झालीय, डोकं फिरलंय. ती दात आवळून, पोटाशी उशी धरून बसायची, घामानं पातळ भिजायचं, आणि तिचं दुखणं थांबवणारी गोळी दोन हातांवर डबीत पडून असायची. आमच्या खोट्यापायी. सोशिक म्हणे! तिला सोसायला आम्ही लावलं.

चौथ्या आठवड्यात मलकापूरहून बाळाबाईच्या मुलाचा, आकारामचा फोन आला. बाळाबाई न्हाणीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. वयामुळं ऑपरेशन करत नाहीत, अंथरुणालाच खिळली होती. अक्का ताठ बसली. "कूस बदलता काय तिची? दर दोन तासांनी? न्हाई? मग पाठीला जखमा झाल्याव मला फोन करणार हुतास व्हय?" मग फोन बाळाबाईच्या कानाशी धरायला लावला आणि आवाज चढवून म्हणाली, "बाळे, मी येते. तुझ्या सुनेला सगळं शिकवते. हा खडा तेवढा गप होऊ दे, पाऊस बी सरू दे. दसरा झाला की येते आन् महिनाभर ऱ्हाते. तुला मला कुठं घाई हाय?"

मी समोरच बसले होते. तिनं न घेतलेल्या गोळ्यांची डबी माझ्या मांडीवर होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. अक्का, आजच जा. तेव्हा ती चालत-फिरत होती, अंबाबाईला जाऊन यायची. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. वडिलांना काय वाटेल, हा विचार मी केला. तिच्याजवळ किती दिवस आहेत हे घरात तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि दिवस मात्र ती ठरवत होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, दुपारी जेवताना, मी शेवटची नालायकी केली. गोळी कुटून तिच्या ताकभातात कालवली. वडिलांनी सांगितलं होतं, पण हात माझे होते. पहिल्याच घासाला ती थांबली. घास ताटाच्या कडेला काढून ठेवला, बोटानं चाचपला आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या पोरी का कापायच्या ते मला त्या दिवशी कळलं.

"पाकीट आण."

वडील म्हणाले, "वर्षा, बस खाली."

"वर्षाराणी, पाकीट आण म्हणते मी."

पाकिटं मी टाकली नव्हती, पुढची गोळी आणायला लागतात म्हणून कपाटात ठेवली होती. मी उठले आणि आणली. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. "परत." परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज फुटला. तिचा नाही.

"कुठला?"

"स्वादुपिंडाचा."

"किती म्हणाले?"

"चार महिने."

"कवा?"

"नागपंचमीच्या आदल्या दिवशी."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. "नऊ आठवडे," म्हणाली. मग वडिलांकडं वळली. "प्रभू, हे नऊ आठवडे कुणाचं हुतं?"

वडील ढसाढसा रडायला लागले. "अक्का, तुझ्यासाठीच केलं गं. तुला तरास नगो म्हणून."

"तरास?" तिनं ताट एवढ्या जोरात सरकवलं की ताक भिंतीवर उडालं. "नऊ आठवडे मी गुरासारखी विवळत हुते, तवा कुठं हुतास तू? शेजारच्या खोलीत! अरे, तुम्हा दोघांसाठी मी जल्म घातला, पण तुमच्या ताटात काय चोरून कालवलं न्हाई. आजारी मी हाय. मरणार मी हाय. मला न विचारता माझं दिवस वापरायला तुम्ही कोण?"

तिनं पाण्याचा पेला घेतला, पाकिटावरचं नाव स्वतः मोठ्यानं वाचलं आणि गोळी गिळली. तासाभरानं तिचे आवळलेले खांदे खाली आले. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा. तेवढं बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला मलकापूरला ने. तिनंच आकारामला फोन लावला, "आज येते म्हणून बाळाबाईला सांग." मी गाडी काढली. मागं गाद्या घातल्या, गोळ्या घेतल्या, पाकिटासकट. वाघबीळच्या वळणांवर तिला उलट्या सुरू झाल्या. बांबवड्यापर्यंत तिच्या अंगात बसायचीही ताकद उरली नाही. मलकापूर तिथून अर्ध्या तासावर होतं.

"फिरव गाडी," ती म्हणाली.

"थोडंच राहिलंय, अक्का."

"फिरव. मेलेली नेऊन काय तिच्या दारात टाकणार?" आणि थोड्या वेळानं, डोळे मिटून, "नागपंचमीला मी एसटीनं गेले असते, एकटी."

घरी आल्यावर तिनं अंथरुणातून बाळाबाईच्या सुनेला फोनवर शिकवलं. उशी कुठं लावायची, टाच कशी उचलून धरायची, चादरीची घडी अंगाखाली कशी राहू द्यायची नाही. धाप लागायची, थांबायची, परत सांगायची. तो तिचा शेवटचा वर्ग. दिवाळीच्या तोंडावर ती गेली. डॉक्टरनं चार महिने सांगितले होते, तिला पावणेतीनच मिळाले, आणि त्यातले स्वतःचे असे अठराच दिवस. आमच्या रिवाजाप्रमाणं तिला बसवून माती दिली. परतताना वडील मला म्हणाले, "बघितलंस? कळलं आणि अठरा दिवसांत गेली." मी त्यांच्याशी त्या दिवसापासून कामापुरतं बोलते.

तीन आठवड्यांनी मी मलकापूरला गेले. आकाराम रस्त्यावरच आडवा आला. हात जोडून म्हणाला, "ताई, आईला सिस्टर गेल्याचं सांगितलं न्हाई आमी. उद्या येत्यात, परवा येत्यात, असं म्हणून चालवलंय. तुमी बी तसंच म्हणा. तिला झेपायचं न्हाई."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याला ओलांडून आत गेले. बाळाबाई उजव्या कुशीवर पडली होती, तोंड दाराकडं. एवढीशी झाली होती. सूनबाई काकुळतीला येऊन सांगायला लागली, "सिस्टरनी फोनवर सांगितल्यालं सगळं करते ओ मी. पर ह्या कूस बदलूच देत न्हाईत. दोन तासांनी वळवायला गेलं की वराडत्यात. ह्याच अंगावर पडून ऱ्हात्यात." तिनं पांघरूण वर केलं. उजव्या खुब्यावर तळहाताएवढी जखम होती, आत लाल, कडेनं काळी.

मी खाली, तिच्या तोंडासमोर बसले. "बाळाबाई, मी वर्षाराणी. अक्काची भाची."

"आली व्हय सिस्टर?" ती माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत म्हणाली.

आकारामनं मागून घसा खाकरला. मी म्हणाले, "न्हाई. अक्का गेली. दिवाळीच्या आधीच गेली. तुमच्याकडं यायला निघाली होती, बांबवड्यापर्यंत आली होती. पुढं आणवली नाही मला."

बाळाबाईनं आकारामकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते उशीत जिरलं, पण ती ओरडली नाही, खचली नाही, काही झालं नाही तिला. पदराचा शेव तिनं तोंडाला लावला.

मग म्हणाली, "मला फिरवा गं त्या अंगाला. लई दुकतंय. ती आल्याली दिसावी म्हणून पडत हुते हिकडं."

मी आणि सूनबाईनं मिळून तिला भिंतीकडं वळवलं.